मुजुमदारांचं लाल बटन

संगणकाचे बाकी सगळे भाग चारुलताबाईंनी निवडायचे आणि वीजपुरवठ्याचा डबा तेवढा यज्ञेश्वर मुजुमदारांनी निवडायचा, असं त्या घरात एकमतानं ठरलं. एकमत मुजुमदारांचं होतं.

त्याला कारणही तसंच होतं. मुजुमदार गेली एकोणीस वर्षं उज्जैनच्या विजेच्या कचेरीत होते. नव्या कनेक्शनचा अर्ज आला की घरात किती दिवे, किती पंखे याची बेरीज करून भार मंजूर करायचा, हे त्यांचं काम. या शहरातला एकही माणूस अर्जावर खरा भार लिहीत नाही, हे त्यांना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. घरी दोन-दोन कूलर घोंघावत असले तरी अर्जात दोन बल्ब आणि एक पंखा! मग मुजुमदार चष्म्यावरून बघत म्हणायचे, "सही आँकड़ा लिखिए." अर्जदार निमूटपणे खोडून लिहायचा. खोडलं की शेजारी सही करायची, हा त्यांचा दंडक. (किराण्याच्या यादीत चारुलताबाईंनी साबुदाणा खोडून शेंगदाणे लिहिले, तरी मुजुमदार तिथं सही मागायचे. त्या सही करायच्या नाहीत. साबुदाणा आणि शेंगदाणे दोन्ही यायचे.)

हे सगळं अठ्ठ्याण्णव सालचं. पुलापलीकडच्या फ्रीगंज भागात एसटीडी बूथांच्या शेजारी कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या झळकायला लागल्या होत्या. बेचाळीस वर्षांच्या चारुलताबाईंनी त्यातल्या एका क्लासात नाव घातलं, तेव्हा आठवड्याभरात सोडतील असं सगळ्यांना वाटलं. त्या सोडायला तयार नव्हत्या. मराठी टाइपिंग शिकल्या, पानं लावायला शिकल्या, आणि शेवटच्या महिन्यात सुटे भाग जोडून संगणक उभा करायलाही शिकल्या. आणि लगेच एक काम त्यांच्याकडे चालून आलं.

महाराष्ट्र समाजाचं ते पंचाहत्तरावं वर्ष. चौसष्ट पानांची स्मरणिका निघायची होती. समाजाचे चिटणीस प्रभाकरकाका त्याच गल्लीत राहायचे. त्यांनी काम दिलं, पण देताना हातचं राखून दिलं.

"सूनबाई, तुझ्यावर भरवसा आहे हो. पण रविवारी रात्री आठला सगळी पानं माझ्या हातात हवीत. नाहीतर सोमवारी सकाळच्या गाडीनं मी इंदूरच्या प्रेसकडे चाललो. दर वेळी तिथूनच करून घेतो आपण."

चारुलताबाईंच्या आयुष्यातलं हे पहिलं काम. त्या दिवशी त्यांनी पोळ्या लाटता लाटता दोनदा उगाचच हसून घेतलं, आणि मुजुमदारांनी ते पाहिलं. आपल्या बायकोचं हे काम झालंच पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटलं. खरं म्हणजे तिथंच थांबायचं होतं.

"बाकी तू बघ," ते म्हणाले, "पण वीज हा माझा प्रांत आहे."

"अहो, ओंकार देतील की चांगला बघून. एसएमपीएस म्हणजे काय, एक डबाच तर असतो."

"डबा? अगं, सगळा कॉम्प्युटर त्या डब्यावर जगतो. घरातली लाइट आत घ्यायची आणि कॉम्प्युटरला पचेल अशी करून द्यायची, हे काय फालतू काम आहे?"

चारुलताबाई काही बोलल्या नाहीत. शिलाई मशीनच्या पेचकसानं त्या जेवणाच्या टेबलावर मदरबोर्ड बसवत होत्या आणि त्यांच्या दातांत दोन स्क्रू होते. मुजुमदारांनी तो होकार धरला.

ओंकारचं दुकान फ्रीगंजमध्ये, जिन्याखालचं. माणूस तिशीचा, गोड बोलणारा, गिऱ्हाइकाला आधी चहा आणि मग भाव सांगणारा. त्यानं काउंटरवर दोन डबे ठेवले. तोपर्यंत मुजुमदारांनी पिशवीतून एक कागद काढला होता. कचेरीतला छापील अर्ज होता तो, नव्या कनेक्शनचा.

"पहले यह भरिए."

"साहब, इसमें तो पिताजी का नाम पूछ रहे हैं."

"कंप्यूटर के पिताजी का रहने दीजिए, अपना लिखिए. आगे, उपयोग. घरेलू, व्यावसायिक या कृषि?"

"साहब, कंप्यूटर खेत में नहीं चलता."

"घरेलू लिखिए. अब भार."

ओंकारनं बिचाऱ्यानं मदरबोर्ड लिहिला, हार्ड डिस्क लिहिली, फ्लॉपी लिहिली. बेरीज दीडशे वॉटच्या आसपास आली. "ढाई सौ वाला बहुत है," तो म्हणाला.

मुजुमदारांनी चष्म्यावरून बघितलं. "सही आँकड़ा लिखिए."

"सही ही है, साहब."

"पंखा?"

"पंखा तो इसी डिब्बे के अंदर है."

"है ना? फिर लिखा क्यों नहीं?" मुजुमदारांचा चेहरा उजळला. एकोणीस वर्षांत लपवलेला पंखा त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता, तो इथं सुटणार होता? ओंकारनं पंखा लिहिला. खोडाखोड झाली म्हणून शेजारी सही केली. मग विकणारे नेहमी वाढवून सांगतात आणि घेणारे कमी करून, असा सगळा विचार करून मुजुमदारांनी तीनशे वॉट मंजूर केले.

आता प्रश्न उरला दोन डब्यांपैकी कोणता. दोन्ही तीनशेचे. एक गुळगुळीत आणि जड. दुसऱ्याच्या पाठीवर बोटाच्या पेराएवढं एक लाल बटन होतं. एकीकडे सरकवलं की २३० आकडा दिसायचा, दुसरीकडे सरकवलं की ११५.

"यह क्या है?"

"उसको छेड़ना मत, साहब. वह अमेरिका वालों के लिए है. उनके यहाँ लाइट ही एक सौ दस-पंद्रह वोल्ट की आती है. आप तो यह बिना बटन वाला ले जाओ. और साथ में एक स्टेबिलाइज़र. अपने यहाँ शाम को वोल्टेज का कोई भरोसा नहीं."

मुजुमदार हसले. ते हसणं फक्त आतल्या माणसालाच हसता येतं.

गोष्ट अशी होती की त्यांच्या गल्लीत कागदोपत्री दोनशे तीस व्होल्ट यायचे. प्रत्यक्षात संध्याकाळी सहा वाजले की ट्यूबलाइट चाचपडायला लागायची आणि पंख्याची पाती मोजता यायची. गेल्या उन्हाळ्यातच मुजुमदारांनी कचेरीतून मीटर आणून आठवडाभर रोज मोजलं होतं. सकाळी दोनशे दहा. संध्याकाळी सातला एकशे अठरा, एकशे बावीस, फारच झालं तर एकशे पंचवीस. हे आकडे त्यांच्या खिशातल्या डायरीत होते. गल्लीतली डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, बदलून मोठी बसवावी, असा अर्जही त्यांनी तीन वर्षांपूर्वी स्वतःच्याच कचेरीत दिला होता. पण कचेरी स्वतःचीच असल्यामुळे त्या अर्जाचं काही होणार नाही, याची त्यांना खात्री होती.

"ओंकारजी," ते म्हणाले, "शाम को सात बजे अमेरिका में जितना आता है ना, उतना ही हमारी गली में आता है."

"मगर साहब..."

"स्टेबिलाइज़र उनके लिए है जिन्हें पता नहीं कि घर में क्या आ रहा है. मुझे पता है."

आणि लाल बटनाचा डबा घेऊन मुजुमदार पूल ओलांडून घरी आले. वाटेत त्यांनी डबा दोनदा या हातातून त्या हातात घेतला.

घरी भिंतीवर तक्ता लागला. सकाळी सहा ते दहा, बटन २३० वर. दुपारी व्होल्टेज ना इकडचं ना तिकडचं, म्हणून संगणकाची विश्रांती. संध्याकाळी सहानंतर, बटन ११५ वर. बटन सरकवण्याचा अधिकार फक्त मुजुमदारांचा. त्यासाठी एक टेस्टर दोरीनं खिळ्याला टांगला होता.

"आणि एखाद्या संध्याकाळी लाइट चांगली आली तर?" चारुलताबाईंनी विचारलं.

"आपल्या गल्लीत?"

यावर चारुलताबाईंनाही हसू आलं. त्या गल्लीत त्यांची वीस वर्षं गेली होती.

आणि गंमत म्हणजे, ते चाललं! शेजारी ट्यूबलाइट तडफडत असताना मुजुमदारांचा संगणक संध्याकाळी शांतपणे चालू असायचा. चारुलताबाईंनी त्याच्यावर घालायला भैरवगढच्या छापाच्या कापडाचं झाकण शिवलं. अध्यक्षांचं मनोगत झालं, जुन्या गणेशोत्सवांच्या आठवणी झाल्या, सव्वीस जाहिराती झाल्या. मुजुमदार ऑफिसातून आले की आधी बटन सरकवायचे, मग चपला काढायचे. आपण बायकोच्या कामाला हातभार लावतोय, या विचारानं त्यांना रात्री छान झोप लागायची. गुरुवारपर्यंत बावन्न पानं लागली होती.

त्याच गुरुवारी कचेरीत एक लहानशी गोष्ट घडली. नवे साहेब आले होते. नव्या साहेबांना असतो तसा उत्साह यांनाही होता. त्यांनी सर्वांत जुन्या फायली आधी काढायला लावल्या. त्यातल्या एका गठ्ठ्यावर मुजुमदार तीन वर्षं जेवणाचा डबा ठेवत होते, तोही उचलला गेला. साहेबांनी दुपारपर्यंत फटाफट सह्या केल्या आणि आदेश जावक नंबर टाकायला मुजुमदारांच्या टेबलावर आले. मुजुमदारांनी अकरा नंबर टाकले, अकरा शिक्के मारले. बाहेर जाणारा कागद वाचायचा नसतो, नाहीतर तो बाहेर जातच नाही, हे ते नव्या कारकुनांना नेहमी सांगायचे. त्यांनी एकही वाचला नाही.

शनिवारी दुपारी दोघं राम घाटाकडे एका मुंजीच्या जेवणाला गेले होते. परतायला साडेसहा झाले. तीन पानं उरली होती. चारुलताबाई पदर खोचून खुर्चीवर बसल्या. मुजुमदारांनी तक्त्याकडे बघितलं, टेस्टर घेतला आणि बटन ११५ वर सरकवलं.

"अहो," चारुलताबाई म्हणाल्या, "आज ट्यूब एकदम लागली हो. चाचपडली नाही."

"नवीन चोक टाकलाय ना मी दिवाळीत," मुजुमदार म्हणाले आणि त्यांनी खटका दाबला.

फट्ट!

आवाज फार मोठा नव्हता. पण त्यामागून डब्यातून पांढरा धूर निघाला आणि त्या घरात कधीच न शिजलेल्या कशाचा तरी वास सुटला. मुजुमदारांनी आधी मेन स्विच बंद केला, मग घाबरून पुन्हा चालू केला, मग संगणकाची वायर ओढून काढली. हे उलट क्रमानं करायला हवं होतं, हे त्यांना नंतर सुचलं.

चारुलताबाई वर बघत होत्या. मुजुमदारांनीही वर बघितलं. पंखा असा गरगरत होता की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडून डिसेंबरवर गेलं होतं.

इतक्यात दारावर थाप पडली. गल्लीतली आठ-दहा मंडळी दारात उभी होती. सगळ्यांत पुढे प्रभाकरकाका, हातात झेंडूचा हार आणि पेढ्यांचा पुडा.

"मुजुमदार! अहो, बोलला नाहीत ते! दुपारी नवी डीपी लागली. लाइनमन सांगून गेला, यज्ञेश्वर मुजुमदारांच्या अर्जावर मंजूर झाली म्हणून. तुमचाच जावक नंबर आहे त्याच्यावर!"

"बधाई हो, मुजुमदार साहब!" मागून कुणीतरी ओरडलं. "पूरे दो सौ तीस आ रहे हैं!"

मुजुमदारांच्या गळ्यात हार पडला. तोंडात पेढा गेला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण पेढा मोठा होता.

"पण हा वास कसला?" काकांनी नाक वर केलं. मग त्यांना धूर दिसला आणि धुराखालचा संगणक दिसला. त्यांचा आवाज खाली आला. "अरे रे. पानं गेली की काय सगळी? मग मी इंदूरला फोन करून ठेवतो हो, सूनबाई. तुझा काही दोष नाही."

मुजुमदारांच्या घशात पेढा अडकला. एकोणीस वर्षांत आपला एक अर्ज मंजूर झाला आणि त्यानं बायकोचं पहिलं काम जाळलं, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं. (लख्ख दिसण्याइतका उजेड घरात प्रथमच होता.)

चारुलताबाई खुर्चीवरून उठल्या. "काका, उद्या रात्री आठपर्यंत मुदत आहे ना?"

"आहे. पण..."

"मग फोनही उद्या आठलाच करा."

मंडळी गेली. मुजुमदार हारासकट उभेच होते. "चारू," ते म्हणाले, "चुकलं माझं."

"हार काढा आधी."

"मी जरा हवा खाऊन येतो."

ते गेले आणि तासाभरानं परतले. त्या तासाबद्दल त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. चेहरा मात्र जाताना होता त्यापेक्षा जास्त उतरला होता आणि शर्टाला तोच वास येत होता. आपणही आत्ता विचारायला नको.

रविवारी सकाळी चारुलताबाई एकट्या फ्रीगंजला गेल्या आणि पाऊण तासात परत आल्या. आणला तो गुळगुळीत डबा, बिनबटनाचा. त्याच्या जोडीला एक स्टेबिलायझर. अर्ज नाही, बेरीज नाही. जळक्या डब्याचे चार स्क्रू त्यांनी काढले, नव्याचे चार बसवले आणि मुजुमदारांना स्वयंपाकघरात जायला सांगून खटका दाबला.

संगणक सुरू झाला. जळला होता तो डबाच, बाकी सगळं शाबूत होतं. एकसष्ट पानं जागच्या जागी होती. मुजुमदारांनी स्वयंपाकघराच्या दारातून ती पडद्यावर उमटताना बघितली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कांदा चिरत होते, त्यामुळे ते खपून गेलं.

दिवसभर त्यांनी पोहे केले, चहा केला, प्रिंटरमध्ये कागद भरले, निघालेली पानं जुळवून ठेवली. बटन नसल्यामुळे त्यांना मधूनमधून चुकल्यासारखं व्हायचं, मग ते तक्ता वाचायचे. दुपारी चारुलताबाईंनी तो तक्ता काढला आणि त्याच्या पाठीवर मुद्रितं तपासली.

"पोहे बरे झालेत," त्या म्हणाल्या. मुजुमदारांना तेवढं पुष्कळ होतं.

साडेसातला चौसष्टावं पान निघालं. आठला पाच कमी असताना चारुलताबाईंनी गठ्ठा नेऊन प्रभाकरकाकांच्या हातात ठेवला. काकांनी पानं चाळली, चष्मा पुसला, पुन्हा चाळली. "इंदूरवाल्यांना आता काय सांगू?" ते म्हणाले. "सांगा, पुढच्या वर्षीही नको," चारुलताबाई म्हणाल्या. परतताना त्या भर गल्लीत हसत होत्या आणि गल्लीतला प्रत्येक दिवा भरपूर उजेड देत होता.

पुढे चार महिन्यांनी विजेच्या कचेरीतही संगणक घ्यायचं ठरलं. नव्या साहेबांनी मुजुमदारांना बोलावलं. "आपके घर तो पहले से है. पावर सप्लाई आप ही चुनिए. आप तो अनुभवी हैं."

"विचार करके बताता हूँ," मुजुमदार म्हणाले आणि तडक घरी आले.

तोवर चारुलताबाईंकडे तीन लग्नपत्रिका आणि एका पतपेढीचा अहवाल आला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, संगणकावर दहा मिनिटं काहीतरी टाइप केलं आणि छापलेला कागद मुजुमदारांपुढे ठेवला.

"हे भरा आधी."

अर्ज होता. अर्जदाराचं नाव, वडिलांचं नाव, उपयोग घरगुती की व्यावसायिक की शेती. मुजुमदारांनी मुकाट्यानं भरलं. शेवटचा रकाना होता, 'अर्जदाराने यापूर्वी जाळलेले नग'. त्यात त्यांनी लिहिलं, 'एक'.

चारुलताबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"सही आँकड़ा लिखिए."

मुजुमदारांचा पेन थांबला.

"त्या रविवारी मी दुकानात गेले," चारुलताबाई म्हणाल्या, "तेव्हा ओंकार म्हणाले, 'भाभीजी, तीसरा?' मी बोलले, तीसरा कैसे? तर म्हणाले, 'साहब कल शाम को आए थे. बोले पीस खराब था, वैसा ही दूसरा दो. मैं रोकता रहा, पर दुकान में ही लगाकर देखा. घड़ी देखी, सात बजे थे, तो बटन एक सौ पंद्रह पर कर दिया.'"

फ्रीगंजमध्ये संध्याकाळी सातलाही पुरे दोनशे तीस येतात. हे शहरात सगळ्यांना माहीत होतं.

मुजुमदारांनी 'एक' खोडलं आणि 'दोन' लिहिलं. मग जरा थांबून त्यांनी खोडलेल्या आकड्याशेजारी सही केली.

चारुलताबाईंनी कागद नीट वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि त्या उठल्या. "चला. मी दाखवीन तोच घ्यायचा. आणि दुकानात हात खिशात ठेवायचे."

मुजुमदारांनी घरातूनच हात खिशात घातले. बुटांचे बंद बांधायला मग हातच उरले नाहीत. म्हणून ते तसेच, लोंबत्या बंदांनी, पूल ओलांडून फ्रीगंजपर्यंत चारुलताबाईंच्या मागे मागे चालत गेले.